अकरा अर्धवट फाइली आणि कागदावर पूर्ण झालेली एक कथा

पार्श्वभूमी

लेखिका ४४ वर्षांच्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या, मूळच्या साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पूर्वी त्यांच्या दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या. दोन्ही त्यांनी फुलस्केप कागदावर हाताने लिहून पाठवल्या होत्या. संपादकांचा जुना नियमच होता, ‘मजकूर कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहावा’. पुढे अंकांनी युनिकोड फाइल मागायला सुरुवात केली, लेखिकेने लॅपटॉप घेतला आणि हाताने लिहिणं हळूहळू बंद पडलं.

किती बंद पडलं, हे पाहायला या कामात सोबत असलेल्या आम्ही लेखिकेला सात दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. आठवडाभरात हाताने लिहिलं गेलं ते एवढंच: दोन सह्या, बँकेतली एक पैसे भरायची चिठ्ठी, आणि कालनिर्णयवर दुधाचे चार खाडे. सगळं मिळून चाळीस शब्दही भरत नव्हते. किराणा यादी व्हॉट्सअ‍ॅपवर, औषधांच्या वेळा मोबाइलच्या गजरात, गावाकडची खुशाली फोनवर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका अंकाकडून साडेतीन हजार शब्दांच्या कथेची मागणी आली. मुदत ऑगस्टअखेर. विषय डोक्यात तयार होता, २०१२-१३ च्या दुष्काळातली चारा छावणी. त्या कथेच्या सुरुवाती लॅपटॉपमध्ये पडूनही होत्या. तीन वर्षांत कथांच्या अकरा फाइली सुरू झाल्या होत्या, त्यातल्या चार याच कथेच्या. पुरी एकही नाही.

अडचण नेमकी कुठे होती

‘वेळ मिळत नाही’ हे लेखिकेचं स्वतःचं निदान. फाइली उघडल्यावर वेगळंच दिसलं. गूगल डॉक्समध्ये बदलांचा इतिहास साठतो. त्यात एका फाइलीचं पहिलं पान साठहून जास्त वेळा बदललेलं होतं, चौथं पान कोरं. पन्नास मिनिटांच्या एका बैठकीत ३१० शब्द लिहिले गेले आणि २२० पुसले गेले. खोडणं इतकं स्वस्त झालं होतं की तिसरं वाक्य लिहायच्या आधी पहिलं दुरुस्त होत होतं.

दुसरी गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांनी नीट पाहण्यासारखी आहे. लेखिका रोमन अक्षरांतून मराठी टाइप करत. के-ए-एस-एच-ए एवढं टाइप होईतो कळफलकाच्या वर शब्द सुचवणाऱ्या पट्टीवर ‘कशाला’, ‘कशासाठी’ हजर असत. त्यांना लिहायचं असे ‘कशापायी’. पण बोट पट्टीवर जाई, कारण समोर तयार शब्द उभा आणि हवा तो शब्द आणखी सहा कळा दूर. सहाशे शब्दांचा एक उतारा त्यांनी स्वतः मोठ्याने वाचला आणि जिथे आपण असं बोलत नाही असं वाटलं तिथे खूण केली. तेवीस खुणा झाल्या. ‘न्हाई’च्या जागी ‘नाही’, ‘व्हय’च्या जागी ‘हो’, ‘हिकडं’च्या जागी ‘इकडे’. हे सगळं टाइप करता करता झालं होतं. त्याच्याही पुढे, ‘वाकळ’ची ‘गोधडी’ आणि ‘कोरड्यास’चं ‘आमटी’ त्यांनी आपणहून केलं होतं. पट्टी सतत प्रमाण भाषेचे शब्द पुढे करत राहिली, की मनही त्याच शब्दांत बोलू लागतं.

छावणीत जनावरं बांधून महिनोन्‌महिने राहिलेल्या बाईच्या तोंडी पुण्यातली भाषा आली, तर ती कथा लिहिणाऱ्यालाच खोटी वाटते. फाइली चौथ्या पानाच्या आत का थांबत, याचं उत्तर आमच्या मते इथे होतं. पहिल्या पानाची सततची दुरुस्ती हा त्याच दुखण्याचा दुसरा चेहरा.

समोरचे पर्याय

बोलून टाइप करणं हा पहिला पर्याय. वेग उत्तम, पण विरामचिन्हं बहुधा हाताने घालावी लागत आणि बोली शब्दांची मोडतोड पट्टीपेक्षाही जास्त. शिवाय पहाटे घरात माणसं झोपलेली असताना संवाद मोठ्याने बोलणं जमणारं नव्हतं.

इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरं टाइप करायचा कळफलक, शिकणं हा दुसरा, आणि मनापासून चांगला पर्याय. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. ‘के’च्या कळीवर क, ‘डी’वर हलन्त (पाय मोडायची खूण), शिफ्टसह ‘एन’वर ळ. रोमनचा वळसा पूर्ण टळतो. पण रोज अर्धा तास दिला तरी हात बसायला दीड-दोन महिने लागणार होते, आणि मुदत सगळी मिळून जेमतेम तीन महिन्यांची होती. पहिलं पान पुसत बसण्याची सवयही त्याने सुटली नसती.

टॅबलेट आणि डिजिटल पेन: खर्च मोठा, काच गुळगुळीत, आणि ‘मागे घ्या’चं बटण तिथेही असतंच. म्हणून बाद.

उरला कागद. इथे पहिला निर्णय महत्त्वाचा ठरला. कथेचा फक्त पहिला खर्डा हाताने, दुसरा टाइप करून, दुरुस्त्या छापील प्रतीवर. ऑफिसचं काम जसं चालू होतं तसंच कळफलकावर. सगळं हातानेच करायचा आग्रह धरला असता तर पंधरा दिवसांत सगळंच सुटलं असतं.

हाताने लिहिल्याने मेंदू अधिक काम करतो, या वाचलेल्या गोष्टीवर लेखिकेचा भरवसा होता. त्याबद्दल थोडं. २०१४ मध्ये म्यूलर आणि ओपेनहायमर यांनी हाताने टिपणं काढणाऱ्या विद्यार्थ्यांना विषय जास्त समजतो असं मांडलं. नंतर तो प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना एवढा स्पष्ट फरक मिळाला नाही. २०२४ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमच्या संशोधकांनी हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमधला समन्वय टाइप करण्यापेक्षा व्यापक असतो असं दाखवलं, पण त्यांच्या प्रयोगातले लोक सुटे शब्द लिहीत होते. कथा कुणीच लिहीत नव्हतं. म्हणून या प्रकरणातला निर्णय त्या संशोधनावर बेतला नाही. कागद शब्द सुचवत नाही आणि लिहिलेलं गिळत नाही, एवढी दोन कारणं पुरेशी होती.

काय केलं

हात तयार करणं. पहिल्याच दिवशी चाचणी घेतली. ओळखीचा उतारा दहा मिनिटं उतरवायचा. वेग निघाला मिनिटाला १३ शब्द, आणि सातव्या मिनिटाला कोपराखालचा हात भरून आला. कारण कागद उलटल्यावर कळलं. बॉलपेनचे वळ खालच्या तिसऱ्या पानावरही उमटले होते. बॉलपेन उभं धरून दाबावं लागतं. त्यात लेखिकेचा अंगठा तर्जनीवर चढलेला, पेन टोकापासून जेमतेम एक सेंटीमीटरवर पकडलेलं, मनगट टेबलावर रोवलेलं आणि कोपर हवेत.

चार बदल केले. पेन टोकापासून अडीच-तीन सेंटीमीटरवर, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, खाली मधल्या बोटाचा आधार. कोपरापासून मनगटापर्यंतचा बहुतेक हात टेबलावर. कागदाचा वरचा भाग थोडा डावीकडे कललेला, म्हणजे मनगट न वाकवता ओळ पुढे सरकते (डावखुऱ्यांनी उजवीकडे कलवावा). आणि बॉलपेनऐवजी मध्यम निबचं शाईपेन, जे तिरपं धरलं की दाबावं लागतच नाही. तपासणी सोपी आहे: चार कागद एकावर एक ठेवून लिहायचं. दुसऱ्या कागदावर वळ दिसला तर हात अजून दाबतोय.

अक्षराचं वळण. लेखिका प्रत्येक अक्षरावर वेगळी शिरोरेषा देत. चार अक्षरी शब्दाला चार वेळा हात मागे. शब्द पुरा झाल्यावर एकच रेघ ओढायची सवय लावली. मग उत्साहात त्यांनी शिरोरेषाच सोडून पाहिली. वेग वाढला, पण दुसऱ्या दिवशी स्वतःचंच लिहिलेलं लागेना. देवनागरीत घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या जोड्या बऱ्याच अंशी शिरोरेषेवरच ओळखू येतात. घ, म, य यांची रेघ सलग असते, तर ध, भ, थ यांची डावीकडे तुटलेली. रेघच नसली की ‘घर’ की ‘धर’ हे अंदाजाने वाचावं लागतं. मोडी लिहिणारे आधी कागदभर रेघ मारून घेत आणि मग हात न उचलता खाली अक्षरं ओवत जात. तिथला वेग सबंध लिपीच्या वळणात मुरलेला आहे. देवनागरीतून नुसती रेघ काढून तो मिळत नाही.

दोन आठवडे रोजचं साधं लिखाण. कथेला हात लावायचा नाही. रोज अर्धं पान: किराणा, दिवसाचा हिशेब, भाकरीसोबत काय केलं ते. याच काळात गावी चुलत्यांना एक आंतर्देशीय पत्र लिहिलं. ‘ति. स्व. अण्णांस, सा. न. वि. वि.’ लिहिल्यावर पुढची पाच मिनिटं काही सुचलं नाही, असं लेखिकेने नोंदवलं आहे. मग आपोआप गावची वाक्यं आली. बारा दिवसांनी उत्तर आलं, छावणीच्या उन्हाळ्याबद्दल दोन पानं. पत्रात बोली लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि कथेसाठी जो कान हवा होता तो या पत्रातून उघडला. दोन आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा वेग १९ शब्दांवर आला होता. हात दुखणंही थांबलं होतं, निदान तेव्हापुरतं.

कागद. नेहमीच्या दोनशे पानी वहीवर शाई फुटत होती आणि मागे उमटत होती. अशा वह्यांचा कागद बहुधा ६० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आतबाहेर असतो. ८० जीएसएमचे सुटे ए-फोर कागद घेतले. आठ मिलिमीटरच्या रेघांत देवनागरीची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात, म्हणून आखलेला कागद खाली ठेवून एकाआड एक ओळ लिहायची. डावीकडे पाच सेंटीमीटर समास. एकच बाजू. संपादकांचा तो जुना नियम छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्यांच्या सोयीसाठी होता, पण लिहिणाऱ्यालाही फार उपयोगी पडतो. पानं जमिनीवर शेजारी शेजारी मांडता येतात, मध्ये ‘४ अ’ घुसवता येतं, उतारा कापून दुसरीकडे चिकटवता येतो. एका पानावर सरासरी ९५ शब्द बसत.

बैठक. पहाटे ५:४० ते ६:३०, मध्ये पाच मिनिटं हात सोडून बसायचं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. खोडायचं तर एकच आडवी रेघ, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. मागच्या पानावर जायचं नाही. काही आठवलंच तर आजच्या पानाच्या समासात टिपायचं. आणि वाक्य अर्धवट ठेवून उठायचं.

काय बिघडलं

तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याच्या बुडाशी दुखू लागलं. लेखिकेने ते चार दिवस कुणाला सांगितलं नाही आणि लिहीत राहिल्या. शेवटी पाच दिवस पूर्ण थांबावं लागलं. पहिल्याच दिवशी बैठक निम्मी केली असती तर यातले बहुतेक दिवस वाचले असते. पकड सुधारली तरी वर्षानुवर्षं न वापरलेले स्नायू दोन आठवड्यांत तयार होत नाहीत. मुंग्या येत असतील, बोट बधिर होत असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल, तर पेन बदलत न बसता डॉक्टरांना दाखवावं.

त्याहून मोठं नुकसान पावसाने केलं. जुलैच्या मध्यावर लेखिका ११ ते १४ ही पानं ऑफिसच्या पिशवीतून नेत होत्या, जेवणाच्या सुट्टीत वाचायला. स्वारगेटला उतरताना पिशवी भिजली. शाई होती रॉयल ब्लू, जी बहुधा पाण्याने धुऊन निघावी अशीच बनवलेली असते. कपड्यांवरचे डाग जावेत म्हणून ती शाळकरी मुलांना देतात. चार पानांवर निळे ढग राहिले. जवळजवळ ३८० शब्द गेले.

इथे दुसरा निर्णय. त्याच रात्री आठवून लिहायचं, की पुढे जाऊन शेवटी भरून काढायचं? लेखिकेने त्याच रात्री लिहिलं. हाताने सावकाश लिहिलेलं असल्याने प्रसंगांचा क्रम आणि बहुतेक संवाद शब्दशः आठवले. वर्णनं मात्र आखडली, २९० शब्दांतच प्रसंग संपला. मोठ्याने वाचल्यावर हा आखडलेला मजकूरच बरा वाटला आणि तोच राहिला. पण यातून ‘पानं हरवली तरी चालतात’ असा धडा घेऊ नये. त्या रात्री झोप झाली नाही आणि पुढच्या दोन बैठकी वाया गेल्या.

त्यानंतर दोन गोष्टी ठरल्या. रोज उठताना पानाचा फोटो, आणि पाण्याला टिकणारी शाई. नवी शाई घेतली की कागदावर चार शब्द लिहून, रात्रभर वाळवून, सकाळी त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहायचा. टिकाऊ शाईला काळजी जास्त लागते. पेन आठवडाभर तसंच पडलं तर ती निबमध्ये वाळून बसते. दर दोन-तीन आठवड्यांनी साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईतो, पेन धुवावं. दोन शाया एकत्र करू नयेत, साका धरतो.

टाइप करताना जुनं दुखणं परत आलं. मोबाइलवरून हस्ताक्षर ओळखून घ्यायचा प्रयत्न केला, पण जोडाक्षरं आणि रफार यांचा गोंधळ इतका की दुरुस्तीला टाइप करण्यापेक्षा जास्त वेळ गेला. बाहेरून टाइप करून घेतलं असतं तर बोलीची पुन्हा ‘दुरुस्ती’ होण्याची भीती होती. म्हणून लेखिका स्वतः बसल्या, आणि पहिली दोन पानं टाइप करता करता परत सुधारू लागल्या. दीड तासात दोन पानं. मग नियम केला: कागदावर आहे तसंच, चुकांसकट. सूचनांची पट्टी बंद केली आणि साठेक बोली शब्द कळफलकाच्या शब्दसंग्रहात घातले. बाकीची ३९ पानं साडेसात तासांत झाली.

निष्पत्ती

पहिला खर्डा ३८ दिवसांत पुरा झाला, त्यातले पाच दिवस दुखण्यात गेले. ४१ पानं, साधारण ३,९०० शब्द. टाइप करायला सहा दिवस. मग छापील प्रतीवर लाल पेनने दहा दिवस काटछाट, आणि २४ ऑगस्टला साडेतीन हजार शब्दांची कथा रवाना झाली. कथा स्वीकारली गेली. मुद्रितशोधनात चार ठिकाणी ‘न्हाई’चं ‘नाही’ झालेलं आढळलं. लेखिकेने कागदावरची मूळ पानं समोर ठेवून चारही जागा पूर्ववत करून घेतल्या.

बोलीची मोजणी पुन्हा केली. खर्ड्यातल्या सहाशे शब्दांत परके वाटणारे शब्द दोन निघाले. आधी तेवीस होते. एका वाक्यात फरक बघायचा तर, जुन्या फाइलीत होतं: ‘तिने मुलाच्या अंगावर गोधडी टाकली आणि इकडे ये म्हणाली.’ कागदावर आलं: ‘पोराच्या अंगावर वाकळ वढली न्‌ म्हणली, हिकडं सरक.’ ‘ये’चं ‘सरक’ झालं हे शब्दकोशातून येत नाही. छावणीत रात्री जागा किती असे, ते त्या एका क्रियापदात आहे.

रोजच्या लिखाणातलं काय टिकलं? किराणा यादी परत मोबाइलवर गेली, कारण दुकानदार तिथेच घेतो, आणि त्यात काही वाईट नाही. दिवसाच्या हिशेबाचं अर्धं पान टिकलं. अण्णांना महिन्याला एक पत्र टिकलं.

पुन्हा करायचं झाल्यास

फोटो आणि शाईची थेंबचाचणी पहिल्या दिवसापासून. पहिला महिना पंचवीस मिनिटांची एकच बैठक, दोन नाहीत. टाइप करण्याचा नियम कागद उघडायच्या आधी लिहून टेबलावर चिकटवलेला. पत्र दोन आठवडे आधी, शक्यतो दोघातिघांना, कारण उत्तर यायला वेळ लागतो आणि खरा माल उत्तरात असतो. इनस्क्रिप्टचा सराव लेखिकेने ऑक्टोबरमध्ये सुरू केला. तो जूनमध्येच रोज पंधरा मिनिटं चालू ठेवला असता, तर ऑगस्टचं टाइपिंग रोमनच्या वळशाशिवाय झालं असतं. हा पर्याय तेव्हा मुदतीकडे पाहून बाजूला ठेवला, ती आमची चूक होती.

सांधेदुखी असणाऱ्यांना किंवा हात थरथरणाऱ्यांना ही पद्धत जशीच्या तशी सांगू नये. त्यांच्यासाठी पट्टी बंद केलेला इनस्क्रिप्ट आणि ‘मागच्या पानावर जायचं नाही’ हा नियम, एवढ्यानेही बराच फरक पडू शकतो.

दुसरी कथा लेखिकेने नोव्हेंबरात त्याच पद्धतीने, त्याच पेनने सुरू केली. ती नवव्या पानावर थांबली आहे. पानं वाचली तर भाषा खरी आहे, खोडाखोड कमी आहे, पण कथेतल्या बाईला शेवटी काय हवं आहे हे लेखिकेलाच अजून ठरवता आलेलं नाही. नवव्या पानाच्या समासात तसं लिहूनही ठेवलं आहे.